सोडियमचं विरजण



पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड घुसळलं जातं आणि त्यातून होकायंत्राची सुई वळवणारं चुंबकत्व निर्माण होतं, हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. हे घुसळणं माणसांनी प्रयोगशाळेत करून दाखवलंय, आणि पुण्याने ते करायला हवं, एवढं सांगायला मी आलोय.

सायकलच्या डायनामोत चुंबक आधीपासून असतो. इथे नसतो. वाहत्या धातूत आसपासचं किंचित चुंबकत्व शिरतं, प्रवाहामुळे वीज निर्माण होते, विजेमुळे तेच चुंबकत्व वाढतं. चमचाभर विरजणच! (हशा) पण दूध कोमट नसेल तर दही लागत नाही. तसा इथे वेग कमी पडला की सगळं विरून जातं. प्रयोगाला सोडियम घेतात. ते 98 अंशांना वितळतं, पाण्याहून हलकं असतं आणि द्रव धातूंत विजेचं सर्वांत चांगलं वाहक.

लाटव्हियात रीगाजवळ सालास्पिल्सला अग्रिस गाइलिटिस यांच्या गटाने कित्येक वर्षं हा ध्यास घेतला होता. 1987 साली लेनिनग्राडला यंत्र हादरू लागलं, प्रयोग सोडावा लागला. मग 11 नोव्हेंबर 1999. उभ्या नळ्यात पंखा फिरतोय, सोडियम मळसूत्रासारखं वळत खाली उतरतंय, आणि आलेखावरची लाट आपसूक मोठी होत चाललीय! तेवढ्यात पंख्याच्या दांड्याच्या सीलमधून सोडियम झिरपलं. थांबवावं लागलं. जुलै 2000 मध्ये मात्र चुंबकत्व वाढलं आणि टिकलं.

(मागच्या रांगेतून : "सोडियम पेटतं हो!") पेटतं, पाणी लागलं की पेटतं. कल्पाक्कमच्या अणुभट्टीत 1985 पासून ते टनांनी फिरतंय. सांभाळणारे हात या देशात आहेत.

आणि चुंबकत्वाच्या नोंदी? अलिबागचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं, की त्या विजेने सुया बिघडणार. ट्राम धावली 1907 साली. त्याआधीच, 1904 मध्ये, अलिबागला वेधशाळा उभी राहिली, तीही लोखंड टाळून. आणि मूस यांनी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या, जुनी मालिका नव्याला नीट जोडली जावी म्हणून. मी त्या आवारात उभा राहिलो तेव्हा खिशातल्या किल्ल्यांचीही लाज वाटली.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं. कादाराशचं भरभर सांगतो. फ्रान्समधल्या त्या प्रयोगात 2006 साली सोडियमच्या पिंपात दोन चकत्या उलटसुलट फिरवल्या. दोघींचा वेग वेगळा ठेवल्यावर चुंबकत्वाची दिशा आपोआप पालटली. चकत्या मऊ लोखंडाच्या होत्या, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पृथ्वीच्या चुंबकत्वाचा असाच पालट आपल्या सह्याद्रीत गोठलेला आहे. 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंडावला, तेव्हाची उलटी दिशा कितीतरी थरांनी धरून ठेवलीय.

नोंदी अलिबागच्या, दगड सह्याद्रीचा. गणित इथल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतलं : कंदस्वामी सुब्रमण्यन आणि अ‍ॅक्सेल ब्रँडनबर्ग यांचा 2005 चा प्रदीर्घ लेख जगभरचे अभ्यासक उघडून बसतात. मग पिंप कुठे आहे? ज्यांना सोडियमची भीती वाटते, त्यांनी कृपया जाऊ नये. सीलचं चित्र सोबत आणलंय, बाहेर पायऱ्यांवर समजावून सांगतो.