जीवदया आणि गिधाड



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मी गिधाडाचा विषय काढतो आहे, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. मी कापडाचा व्यापारी, निसर्गशास्त्राचा अभ्यासक नव्हे. परंतु पांजरपोळास सढळ हाताने दान देणाऱ्या आपल्या समाजाने हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडांचा थवा थोड्या वेळात केवळ हाडे शिल्लक ठेवी. त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात अनेक रोगजंतू नष्ट होत. गुरांमुळे गिधाडांना अन्न मिळे आणि गिधाडांमुळे गुरे व माणसे रोगराईपासून वाचत.

१९९० च्या दशकात ही साखळी तुटली. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध सर्रास दिले जाऊ लागले. औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या गुराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. २००४ साली शास्त्रज्ञांनी हे कारण सिद्ध केले. एकाच शवावर अनेक गिधाडे जेवतात आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे शंभरात एखादे शव विषारी असणेही पुरेसे ठरले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९९ हून अधिक घटली. शवे कुजू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसे अधिक दगावली.

बंधूंनो, औषध देणाऱ्याच्या मनात दयाच होती. परंतु एका जिवावर केलेली दया पुढे कोणत्या जिवापर्यंत पोहोचते, हे पाहिल्याशिवाय जीवदया पूर्ण होत नाही.

शासनाने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली आणि किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ साली बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गुरांना गुणकारी आणि गिधाडांना निर्धोक औषध उपलब्ध आहे. म्हणून उपचार थांबवू नयेत, औषध मात्र पारखून घ्यावे. आपण ज्या पांजरपोळास देणगी देतो, तेथे कोणते औषध वापरले जाते, हे अवश्य विचारावे. आपण रुपयाचा हिशेब मागतो. औषधाचाही मागावा, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र!