फौजेची भरती : पोराच्या आणि बापाच्या हिशेबाची गोष्ट

(टेंभुर्णी येथील बैठकीतील भाषण)



कपाशी-ज्वारीचा हिशेब आपण दर बैठकीला मांडतो. आज घरातल्या पोराचा मांडू. कोरडवाहू रानात दोन भावांचे भागत नाही, म्हणून एक जण पहाटे सडकेवर पळायला लागतो. फौजेत जायचे म्हणतो. जरूर जावे. पण भरती कशी होते हे घरात कुणालाच ठाऊक नसते आणि दलालाचे पोट त्यावरच भरते.

पूर्वी आधी मैदान आणि मग लेखी असे. २०२३ पासून ते उलटे झाले. आधी सैन्याच्या संकेतस्थळावर अर्ज, मग संगणकावर परीक्षा, त्यात नाव आले तरच मैदान.  साध्या शिपायाच्या, म्हणजे जनरल ड्युटीच्या परीक्षेत एका तासात ५० प्रश्न सोडवायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तेव्हा अंदाजाने खुणा करत सुटू नये. २०२५ पासून हा पेपर मराठीतही देता येतो. अर्ज भरतानाच भाषा निवडावी लागते, हे पोराला सांगा.

मैदानात १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पळाला तर ६० गुण, दहा पुलअप्स काढल्या तर ४०. आपली पोरे पळण्यात मागे नसतात, पण नुसते पळून भागत नाही. झाडाच्या फांदीला लोंबकळून सराव केला तरी चालतो, त्याला अकादमीची फी लागत नाही.

मग डॉक्टरची तपासणी. कानातला मळ आणि किडलेले दात आधीच दाखवून घ्या. गुडघ्याला गुडघा लागतो का, तळवा सपाट आहे का, रंग ओळखता येतात का, हे दोन वर्षे पळण्याआधीच तपासा. ‘तात्पुरता अपात्र’ म्हटले म्हणजे सगळे संपले नाही. लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मिळते, मात्र दिलेल्या मुदतीत हजर व्हावे लागते.

कागदांत नावाचा घोळ फार. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि आधारवर दुसरे, असे असेल तर आजच दुरुस्त करा. सरपंचाचा वर्तणुकीचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो.

आता दलाल. ‘मेडिकल माझ्याकडे लागले’ म्हणून तो दहा घरांतून पैसे उचलतो. दोन पोरे स्वतःच्या दमावर लागतात, त्यांचे पैसे तो खिशात घालतो. उरलेल्या आठांपैकी जो दारात येऊन बसतो त्याचे परत करतो आणि वर प्रामाणिक ठरतो! त्याने केले काय? काहीच नाही. आणि त्यासाठी आपण जमीन गहाण टाकतो.

एक हिशेब राहिला. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी पगार ३०,००० ठरला, हातात २१,०००. कापलेल्या पैशात सरकार तेवढेच घालते आणि शेवटी १० लाख ४ हजार व अधिक व्याज मिळते. म्हणजे त्यातले निम्मे पोराच्याच घामाचे. शंभरात पंचवीसपर्यंत कायम होतील, बाकीचे घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, असे योजनेतच लिहिले होते. तेव्हा या रकमेच्या भरवशावर आजच कर्ज काढू नका.

पोरगा अठराच्या आतला असेल तर संमतीसाठी आईबापाची सही लागते. ती कोऱ्या कागदावर कुणालाही देऊ नका.