स्वयंपाकघरांतील लाकडी जमीन

सेवाग्रामांत १९३६ पासून उभ्या राहिलेल्या कुटींची जमीन मातीची. सारवली कीं पुन्हां नवी. लाकडाला ही सोय नाहीं. तरीही स्वयंपाकघरांत ज्यांना लाकूडच हवें, त्यांनीं सागाच्या गाभ्याची, पुरी वाळलेली फळी घ्यावी. कडेची फिकट फळी वाळवी खाते. आपल्या वर्ध्याच्या उन्हाळ्यांत लाकूड आकसतें, पावसाळ्यांत फुगतें. म्हणून भिंतीलगत अर्धा इंच फट ठेवण्यास सुताराला बजावावें, नाहीं तर श्रावणांत फळ्या उचलल्या जातील. बादलीभर पाणी ओतून जमीन धुण्याची संवय मात्र सोडावी लागेल. पिळलेलें फडकें पुरे. मोरीपाशीं आणि माठाखालीं मी तर फरशीच घालीन. तेथें लाकूड म्हणजे निव्वळ हौस! तेल सांडल्यास आधीं कोरडें पुसावें, मग साबण लावावा.