प्रयोगशाळेतलं लेकरू आणि आपण घरची माणसं

(विहाराच्या वर्धापनदिनी जळकोट येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला ‘उच्च शिक्षण आणि आपला समाज’. विषय मोठा आहे आणि त्यावर तुम्ही पुष्कळ भाषणं ऐकलेली आहेत. म्हणून मी त्यातला एकच कोपरा धरतो. आपली जी मुलं-मुली एम.एस्सी. करून पुढे पीएच.डी.ला लागतात, त्यातही भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात, त्यांच्या मनाचं त्या पाच-सहा वर्षांत काय होतं, आणि त्यात आपण घरची माणसं कुठं असतो, एवढंच बोलणार आहे.

१४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी जळकोटच्या पोराला विद्यापीठ म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद. आता नांदेड जवळ आलं, लातूरला उपकेंद्र झालं. पोरं उदगीरला बी.एस्सी. करतात आणि नांदेडला पुढचं शिकायला जातात. जिथं आजोबाला सही येत नव्हती, त्या घरातला नातू आज प्रयोगशाळेत उभा आहे. पण तो तिथं नेमकं काय करतो, हे घरात कुणाला ठाऊक नाही. शेजारी विचारतात, “तुमचा पोरगा काय करायलाय?” आई म्हणते, “डॉक्टर होणार हाय, पण सुई टोचायचा डॉक्टर न्हाई म्हणतंय.” आपण हसतो. पण इथंच पोरगं एकटं पडायला सुरुवात होते.

म्हणून आधी ते काम काय असतं ते सांगतो. पदार्थविज्ञानात नवे पदार्थ तयार करतात. फेराइट नावाचा चुंबकीय पदार्थ घ्या. लोखंड, कोबाल्ट, निकेल यांचे क्षार ठरलेल्या वजनात पाण्यात विरघळवायचे, त्यात सायट्रिक आम्ल घालायचं, म्हणजे लिंबात असतं तेच, आणि ढवळत ढवळत तापवायचं. त्याचा चिकट लगदा होतो, मग तो पेटतो आणि राखेसारखी भुकटी उरते. ती भट्टीत सहाशे, आठशे, हजार अंशांवर काही तास भाजायची. मध्येच वीज गेली की तापमान ढळलं, नमुना पुन्हा करा. भाजून झाल्यावर क्ष-किरणांनी आतली रचना तपासायची. काही यंत्रं आपल्याकडे नसतात, मग नमुना दुसऱ्या संस्थेत पाठवायचा आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. निकाल येतो की आत भलतंच काहीतरी तयार झालंय. पुन्हा पहिल्यापासून. कधीतरी जमतं, मग निबंध लिहायचा, तो परीक्षकांकडून परत येतो. शेतकऱ्याला हे लवकर समजेल. पेरणी वाया गेली म्हणून आपण पेरणाऱ्याला नालायक म्हणत नाही. पण हे पोरगं स्वतःला तसं म्हणायला लागतं.

आमच्या विषयात एक गोष्ट शिकवतात. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पुष्कळ माणसं दगावली. इतका जाड लोखंडी आस मोडला कसा? पुढे ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन अभियंत्याने वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की धातू एकदाच आलेलं मोठं ओझं पेलतो, पण त्याहून हलका ताण लाखो वेळा पडत राहिला तर तोच धातू तुटतो. याला धातूचा थकवा म्हणतात. भेग बहुधा एखाद्या ओरखड्यापासून, कोपऱ्यापासून सुरू होते, आणि बाहेरून बराच काळ काही दिसत नाही. म्हणून आपल्या रेल्वेचे रूळसुद्धा ध्वनिलहरी सोडून आतून तपासावे लागतात. माणूस म्हणजे रूळ नव्हे, हे मलाही कळतं; माणूस झोपतो, बोलतो, सावरतो. पण “एवढ्यानं काय होतंय?” असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ते ‘एवढं’ कितव्यांदा होतंय हे आपण मोजलेलं नसतं.

हे दुखणं फक्त आपल्याच पोरांचं आहे असं समजू नका. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांची पाहणी झाली, ती २०१७ ला प्रसिद्ध झाली. त्यात ३२ टक्क्यांना, म्हणजे जवळजवळ तिघांतल्या एकाला, मानसिक आजाराचा धोका दिसला. मार्गदर्शक कसा वागतो आणि कामाची घरच्या आयुष्याशी किती ओढाताण होते, या गोष्टी त्यात महत्त्वाच्या ठरल्या. श्रीमंत देशात हे, तर आपल्या लेकरांवर आणखी किती असेल? विद्यावेतनाचं बघा. राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, ऐकायला बरी वाटते. पण ती सगळ्यांना मिळत नाही आणि मिळाली तरी दर महिन्याला येईल याचा भरवसा नाही. बार्टीची अधिछात्रवृत्ती सरसकट मिळावी म्हणून २०२३ मध्ये आपली संशोधक मुलं मुंबईच्या आझाद मैदानावर बसली होती. ज्या वयात प्रयोगवही भरायची त्या वयात मैदानात सतरंजी टाकायची. शिवाय वसतिगृहात आडनाव विचारून होणारा बोलण्यातला फरक, ‘कोट्यातून आलास का’ हा सवाल. हे ओरखडे मोठे दिसत नाहीत.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत गेला. आपल्या जळगावकडची डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला मुंबईत गेली. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, या दोन आया, विद्यापीठांतला भेदभाव थांबवा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या दोघींना हे करावं लागलं ते लेकरं गेल्यावर. आपण लेकरू असतानाच काय करायचं, ते बोलू.

आता जरा टोचेल असं बोलतो. पोरगं खचलं की आपण काय म्हणतो? “बाबासाहेबांनी किती सोसलं, तुला एवढंही होईना?” बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याला ते चाबकासारखं लागतं आणि पुढच्या वेळी तो तोंड उघडत नाही. बरं, बाबासाहेबांचं चरित्र तरी आपण नीट वाचलंय का? १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती पाणबुडीने बुडवली. १९२० ला पुन्हा गेले. पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी आपले मित्र नवल भथेना यांना पत्रं लिहून मागितले. मागायला लाजले नाहीत. डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ ला परीक्षकांनी ‘पुन्हा लिहा’ म्हणून परत केला. तो मुंबईला आल्यावर दुरुस्त करून पाठवला, तेव्हा पदवी मिळाली. म्हणजे थांबावं लागणं, काम परत येणं आणि मित्राकडे मदत मागणं, हे तिन्ही त्या चरित्रात आहे. पोराला चरित्र सांगायचं तर हेही सांगा.

घरी आलेल्या पोराला पहिला प्रश्न “नोकरी कधी लागतीय?” आणि मुलीला “वय चाललंय, अजून किती शिकायलीस?” हा नको. “तुझी भट्टी कशी चाललीय? मागच्या वेळी बिघडलेलं जमलं का?” असं विचारा. समजलं नाही तरी चालेल. समजावून सांगताना त्यालाच बरं वाटतं. तीन वर्षांच्या आत तर नियमानेच पीएच.डी. होत नाही, सहा वर्षंही लागू शकतात, हे भावकीत तुम्हीच सांगा, म्हणजे लग्नकार्यात त्याला तोंड चुकवावं लागणार नाही.

आणि साधी उदासी कुठली, आजार कुठला? दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडालेली किंवा नुसतीच झोप, जेवणावर वासना नाही, आवडीच्या गोष्टीत मन नाही, फोन उचलत नाही, ‘माझ्यामुळं तुम्हाला त्रास’ अशी भाषा, असं दिसलं की तो आजार असू शकतो. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की मानसिक आजारांपैकी तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे नेमकं हेच शिकायचं वय. आपल्या देशात २०१५-१६ ला १२ राज्यांत पाहणी झाली. नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जवळजवळ पंच्याऐंशींना उपचारच मिळत नव्हते. देवऋषी, गंडेदोरे आपण सोडले, पण ‘लोक काय म्हणतील’ हे अजून सोडलेलं नाही. नैराश्याच्या गोळ्यांची नशा किंवा चटक लागत नाही. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांना विचारूनच.

पोरगं ‘मला जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर त्याला रागावू नका, हसण्यावारी नेऊ नका आणि त्या रात्री एकटं ठेवू नका. सरळ विचारा, विचारल्याने तसलं मनात येत नाही, उलट मन मोकळं होतं. मग दवाखान्यात न्या. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीतच, विद्यापीठाच्या जवळ आहे. लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडे मनाच्या आजाराचे डॉक्टर भेटतात. आणि घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सेवा सुरू केलेली आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. आईबापांनी फोन करून विचारलं तरी चालतं.

समितीला माझी विनंती, की हा नंबर विहाराच्या फळ्यावर, वंदनेच्या वेळेच्या खाली, मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा आणि पुसला गेला की पुन्हा लिहावा.