दोन बोटं उघडी खिडकी



आपल्याकडे थंडी म्हटलं की हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, फार तर निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरल्याची बातमी आठवते. आज मी ज्या थंडीबद्दल बोलणार आहे, तिच्यात उघड्यावर शेकोटीभोवती बसायची सोय नाही. उणे ३० अंश सेल्सिअसची ती थंडी. आणि त्या थंडीचा एक अख्खा हिवाळा मी काढला तो दगडविटांच्या घरात नव्हे, तर चाकांवरच्या घरात.

हे घडलं २०१३-१४ च्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात. तिथे मिसुरी नदीच्या काठी विलिस्टन नावाचं गाव आहे. त्या भागात जमिनीखाली खोलवर 'बाकेन' नावाचा तेल धरून ठेवणारा खडकांचा थर आहे. आडव्या विहिरी खणायचं आणि पाण्याच्या प्रचंड दाबाने खडक फोडायचं तंत्र जमलं, आणि त्या शांत, गव्हाच्या मुलखात तेलाची झुंबड उडाली. २०१० च्या जनगणनेत विलिस्टनची वस्ती १४ हजार ७०० च्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत ती २९ हजारांवर गेली. मधल्या काळात माणसं आली, पण घरं आली नाहीत. २०१४ च्या सुरुवातीला एका बेडरूमच्या ७०० चौरस फुटांच्या घराचं भाडं तिथे महिन्याला २,४०० डॉलरच्या आसपास होतं. हे भाडं न्यूयॉर्कपेक्षाही जास्त असल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या.

माझं काम तेलविहिरींवरची दाब आणि प्रवाह मोजणारी उपकरणं बसवण्याचं. काम होतं, पगार होता, पण राहायला खोली नव्हती. शेवटी गावाबाहेरच्या एका तळावर एक जुना ट्रेलर मिळाला. मोटारीच्या मागे जोडून न्यायचं हे घर. अमेरिकेत अशा सगळ्या फिरत्या घरांना आरव्ही म्हणतात. लांबी २६ फूट, रुंदी ८ फूट. आत पलंग, छोटा ओटा, तीन बर्नरची शेगडी, न्हाणीघर, सगळं काही. रेल्वेच्या डब्यात कोणी संसार मांडावा तसं.

वर्षभर आरव्हीत राहणारे पुष्कळ लोक थंडी पडली की ॲरिझोनासारख्या उबदार राज्यात निघून जातात. चाकं असल्याचा फायदा तोच. आमच्या तळावरच्या ट्रेलरांनाही चाकं होती, पण पोट विलिस्टनला बांधलेलं होतं. त्यामुळे आम्ही तिथेच.

हे घर मुळात उन्हाळ्याच्या सहलीसाठी बांधलेलं. भिंत जेमतेम दोन इंचांची. ऑक्टोबरमध्ये सगळ्यात पहिलं काम केलं ते घराला परकर नेसवायचं. ट्रेलरच्या खालची मोकळी जागा फोमच्या जाड पाट्यांनी चारी बाजूंनी बंद करायची, म्हणजे वारा खालून शिरत नाही आणि टाक्या गोठत नाहीत. पाण्याच्या नळीला गरम होणारी विजेची तार गुंडाळायची, वर कापडी आवरण घालायचं. तिथली जमीन पाच-सहा फूट खोल गोठते, त्यामुळे तळावरच्या नळाची चावी त्याहून खाली, जमिनीच्या पोटात असते. पाणी गोठलं की आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढतं. एवढंसं वाढणं लोखंडी पाइपही फोडायला पुरतं.

मैलापाण्याचंही एक शास्त्र असतं. टाकीची चावी उघडी ठेवली तर थेंब थेंब पाणी बाहेरच्या पाइपात जाऊन थरावर थर गोठतं आणि पाइप बंद होतो. म्हणून चावी बंद ठेवायची, टाकी भरली की एकदम उघडायची. हे मी पहिल्या आठवड्यात शिकलो. कसं, ते विचारू नका.

ऊब येते ती प्रोपेन वायूवर चालणाऱ्या भट्टीतून. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचं थांबवतं. म्हणून लडाखसारख्या ठिकाणी कडक थंडीत सिलिंडर भरलेला असूनही शेगडी नीट पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो, म्हणून तिकडे तोच वापरतात. माझा सिलिंडर साडेतेरा किलोंचा, म्हणजे जवळपास आपल्या घरच्या सिलिंडरएवढा. आपल्याकडे तो महिना-दीड महिना पुरतो. तिथे कडाक्याच्या थंडीत दीड-दोन दिवसांत संपायचा. विजेचा हीटर होता, पण विजेची जोडणी ३० अँपिअरची, त्यावर दोन हीटर लावले की तिसरं काही चालत नसे.

भट्टी चालू असली की ट्रेलरच्या बाजूच्या भोकातून धूर बाहेर पडतो. त्यात पाण्याची वाफ असते आणि त्या थंडीत ती पांढरीशुभ्र दिसते. पहाटे कामावर निघताना साऱ्या तळावर अशा पांढऱ्या वाफा निघताना दिसायच्या. गावाकडे सकाळी चुली पेटल्यावर कौलांतून धूर निघतो ना, तसंच ते दृश्य. मला ते फार आवडायचं. त्याचा दुसरा उपयोग तेव्हा कळला नव्हता.

मला मात्र वेड लागलं होतं फटी बुजवायचं. खिडक्यांना फोम चिकटवला, दाराला कापड लावलं, छतातल्या झरोक्यात उशी कोंबली. आतली हवा दमट व्हायची, श्वासाची वाफ भिंतीवर गोठायची, एकदा गादी भिंतीला चिकटून बसली. तरी मी खूश होतो, की वारा येत नाही. डिसेंबरच्या शेवटी भिंतीवरची एक छोटी पेटी मधूनमधून टुकटुक वाजू लागली. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणारी ती पेटी. बॅटरी उतरली असेल, उद्या नवी आणू, असं म्हणून मी झोपमोड नको म्हणून बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकली. ती 'उद्या' काही आली नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ती गाजलेली थंडीची लाट आली. एका रात्री वाऱ्याने बर्फ उडवून माझ्या ट्रेलरच्या अंगावर ढीग घातला. भट्टीचं धूर सोडायचं भोक त्यात बुजलं. अशा वेळी भट्टी आपोआप बंद पडते, तशी ती पडली. मध्यरात्री मी गारठून उठलो. बाहेर जाऊन बर्फ उकरायला हवा होता. त्याऐवजी मी शेगडीचे तिन्ही बर्नर पेटवले आणि रजई ओढून पडलो. छान ऊब आली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. वाटलं, सर्दी-ताप आला. मग कोणीतरी दार ठोठावत होतं. तो आवाज मला ऐकू येत होता, पण आवाज आला की उठायचं असतं, हेच सुचत नव्हतं. उठलो तेव्हा पाय लटपटून खाली बसलो.

दार ठोठावणारा होता शेजारच्या ट्रेलरमधला साठीचा वेल्डर, आयडाहोहून आलेला. आमची ओळख हात हलवण्यापुरती. पहाटे साडेपाचला गाडी सुरू करताना त्याने पाहिलं, की बाकी सगळ्यांकडून वाफ निघतेय, माझ्याकडून नाही. आणि खिडकीत दिवा तर आहे. दाराचं कुलूप थंडीत गोठतं म्हणून मी ते लावत नसे, म्हणून वाचलो. त्याने शेगडी बंद केली, छतातली उशी ओढून काढली, मला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात काही तास नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

डॉक्टरांनी समजावलं ते साधं आहे. बंद जागेत ज्योत जळत राहिली की प्राणवायू कमी पडतो आणि ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस गुदमरत नाही, तो सुस्तावतो. परतताना तो वेल्डर म्हणाला, "थंडीने माणूस जागा होतो. याने झोपतो. खिडकी दोन बोटं उघडी ठेव."

त्या दिवसापासून खिडकी दोन बोटं उघडी राहिली. सिलिंडर थोडा लवकर संपू लागला. भिंती मात्र कोरड्या झाल्या. आणि रोज पहाटे मीही आधी आजूबाजूच्या वाफा मोजू लागलो.

२०१४ च्या जूनमध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१५ च्या जानेवारीत पन्नासच्या खाली आलं, आणि तशी अनेक माणसं चाकांसकट निघून गेली. मी त्याआधीच परतलो होतो. त्या पहाटे घरी फोनवर 'जरा सर्दी झालीय' इतकंच सांगितलं होतं. पत्नीला खरं सांगितलं ते परत आल्यावर. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पेटी वाजत होती ना?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

श्रोतेहो, ही गोष्ट दूरच्या बर्फाची म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडेही दर हिवाळ्यात बातम्या येतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलं नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेली मुलगी बाहेर आली नाही. कारण तेच, आणि उपायही तोच. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. शेगडी झोपण्याआधी खोलीबाहेर काढा. घरात थंडीच्या दिवसांत सगळ्यांचंच डोकं एकाच वेळी दुखू लागलं, तर आधी दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि मग डॉक्टर गाठा.

आणि शेजारच्या घरातलं रोजचं काही चुकल्यासारखं दिसलं, रोज पहाटे लागणारा दिवा लागला नाही, दूध दारातच पडून राहिलं, तर 'आपल्याला काय करायचंय' असं म्हणू नका. एकदा दार ठोठावा. फार तर झोपमोड होईल.