'पुट अप विथ' : सोसणें कीं चालवून घेणें?



इंग्रजींत 'पुट अप विथ' असें एक तीन शब्दांचें क्रियापद आहे. 'पुट' म्हणजे ठेवणें, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे सह. पण या तिहींची बेरीज करून हातीं कांहींच लागत नाहीं. आमच्या शाळेंतील मार्गदर्शिकेंत त्याचा अर्थ 'सहन करणें' एवढाच दिला होता, आणि तो मीं मुखोद्गत केला होता.

पुढें माझ्या एका इंग्रज गुरुजींस पत्नीवियोग झाला. मीं सांत्वनाचें पत्र धाडलें आणि 'हें दुःख आपणांस सहन केलेंच पाहिजे' या अर्थीं नेमकें हेंच क्रियापद योजिलें. उत्तर नेहमींच्याच ममतेनें आलें; शेवटीं मात्र ताजा कलम होता. हें क्रियापद पावसाला, बेचव जेवणाला किंवा शेजाऱ्याच्या कुत्र्याला लावावें, दुःखाला 'बेअर' शोभतें, असें त्यांनीं सुचविलें होतें. मी अत्यंत ओशाळलों.

आपण मराठींत उकाडाही सहन करतों आणि पुत्रशोकही. इंग्रजींत या दोहोंची वांटणी झालेली आहे. मोठ्या दुःखाचा भार 'बेअर' किंवा 'एन्ड्युअर' यांनीं वाहावयाचा. 'पुट अप विथ' कडे येतो तो त्रास, गैरसोय, कोणाचा तऱ्हेवाईक स्वभाव. आवडत नाहीं, तरी तक्रार न करतां चालूं द्यावयाचें, हा त्यांतील भाव. म्हणून त्याचे खरे मराठी सोयरे 'चालवून घेणें' आणि 'खपवून घेणें' हेच होत. 'आय वोन्ट पुट अप विथ इट' म्हणजे 'मी हें खपवून घेणार नाहीं'. पत्नीचा मृत्यु कोणी 'चालवून घेत' नाहीं. मीं मात्र गुरुजींस जवळजवळ तोच उपदेश केला होता!

प्रयोगाविषयीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कर्म नेहमीं 'विथ' च्या पुढें येतें, मध्यें शिरत नाहीं. 'विथ' गाळला तर अर्थच पालटतो : पाहुण्याला 'पुट अप' करणें म्हणजे त्याची राहण्याची सोय करणें.

अशीं क्रियापदें परकीयांस फार जड जातात, हें डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच नमूद केलें आहे. परंतु आपण इंग्रजीला हंसण्याचें कारण नाहीं. 'मी तें पत्र लिहून बसलों' असें मीं म्हटलें, तर त्यांत बसण्याची क्रिया कोठें आहे? आहे तो केवळ पश्चात्ताप. 'बसणें' म्हणजे आसनस्थ होणें, एवढेंच शिकलेल्या परक्याला तो कसा उमगावा?

तेव्हां विद्यार्थीमित्रहो, अशा क्रियापदाचा अर्थ पाठ करूं नका. तें कोणत्या प्रसंगीं, कोणत्या कर्मासह वावरतें तें पाहा. कोशांतला एक शब्द पुरेसा मानला, म्हणून ऐन दुःखांत असलेल्या माणसाला माझें सांत्वन बोचलें.