जुन्या दगडाचा मान
(कलशारोहण सोहळ्याच्या दिवशी केलेले भाषण)



समितीने मला जुन्या देवळांच्या बांधकामाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी इतिहासकार नाही की इंजिनिअर नाही. एस. एस. सी. होऊन तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो, तो आजतागायत फेरफार, उतारे आणि नोंदवह्या यांतच आहे. परंतु देवळे पाहण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. शिवाय हेमाडपंत हे आमच्याच पेशातले, हे पुष्कळांना ठाऊक नसते! देवगिरीच्या महादेवराय व रामदेवराय यादवांच्या पदरी ते श्रीकरणाधिप होते, म्हणजे सगळ्या दप्तराचे मुख्य. ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो त्यांतली कित्येक देवळे त्यांच्याही आधीची आहेत. पण लोकांच्या तोंडी नाव राहिले ते दप्तरवाल्याचे.

आपले महादेवाचे देऊळ त्याच पद्धतीचे आहे. खाली जोते, त्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या शिळा. कमान नाही, आणि दगड जोडायला चुनाही नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला कुसू. एकात एक बसले की वरचे वजनच त्यांना धरून ठेवते. म्हणून पाथरवटाला दगड आधी नीट घडवावा लागे. फट राहिली तर ती गिलाव्याखाली लपविण्याची सोय नव्हती.

हे बांधकाम किती टिकते, याचा दाखला आपल्याच इंदापूर तालुक्यात आहे. भीमेवर उजनीचे धरण झाले आणि काठची गावे उठली. त्यांत पळसदेवही होते. गाव वर सोलापूर रस्त्याला येऊन वसले, देवासाठी नवे देऊळ झाले आणि जुने पळसनाथाचे देऊळ पाण्याखाली गेले. धरणाचा साठा 'उणे' झाला, म्हणजे काय ते आपल्याला वेगळे सांगायला नको. तो फार उणे गेला की हे देऊळ उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असेच मोकळे झाले, तेव्हा आम्ही तिघे-चौघे पाहून आलो. पायाखाली भेगाळलेला गाळ, उन्हाने डोके तापलेले, आणि समोर ते काळे देऊळ. शिखर विटांचे आहे. त्याचा गिलावा पुष्कळ ठिकाणी गेला आहे. पण खालच्या दगडी मंडपात शिरलो आणि बोलणे आपोआप थांबले. चार दशकांहून अधिक काळ पाण्यात बुडायचे, वर यायचे, पुन्हा बुडायचे. तरी खांब आपल्या जागी उभे आहेत. आवारात वीरगळ आहेत. आम्ही सावलीला बसलो ती सावलीसुद्धा त्या जुन्या पाथरवटांनीच दिलेली होती.

आता जरा दूरच्या देवळाकडे येतो. मी काही ग्रीस देशाला गेलेलो नाही; वाचनालयातल्या पुस्तकांतून ते देऊळ पाहिले आहे. अथेन्स शहरात टेकडीवर अथीना देवीचे पार्थेनॉन नावाचे देऊळ आहे. इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात ते संगमरवरात बांधले. तिथेही आपल्यासारखेच, खांब आणि तुळई, कमान नाही. बाहेरच्या ओळीत समोर ८ आणि बाजूला १७ असे मिळून ४६ खांब. दिसायला सगळे सरळ, पण खांब मध्ये किंचित फुगीर आहेत, आत किंचित कललेले आहेत, आणि जोतेसुद्धा मध्यभागी थोडेसे वर उचललेले आहे. तिकडे यज्ञाची वेदी देवळाबाहेर असे, लोक उघड्यावर जमत, म्हणून त्यांच्या कारागिरांनी बाहेरची बाजू डोळ्यांना सुखावेल अशी साधली. आपले भाविक मात्र मंडपातून गाभाऱ्याच्या अंधारात जातात, म्हणून आपल्या कारागिरांनी आतल्या खांबांवर जीव ओतला. धर्म निराळा, दगड निराळा, पण दगडावर दगड बसविण्याची निष्ठा एकच.

त्या देवळाच्या दुरुस्तीची कथा मात्र आपण सर्वांनी कान देऊन ऐकावी. जुन्या ग्रीक कारागिरांनी शेजारशेजारचे दगड लोखंडी अकड्यांनी जोडले होते. पण अकडा खाचेत बसविला की त्यावर ते शिसे ओतत. त्यामुळे लोखंडाला हवा-पाणी लागत नसे. १६८७ साली लढाईत तोफगोळा पडून आत साठवलेली दारू पेटली आणि देवळाचा मधला भाग उडाला. पुढे १८९८ ते १९३३ या काळात बालानोस नावाच्या इंजिनिअरने पडलेले खांब पुन्हा उभे केले. हेतू चांगला होता. पण त्याने वापरलेल्या लोखंडाला शिशाचे कवच नव्हते. लोखंड गंजले. गंजलेले लोखंड फुगते, आणि फुगले की दगड फोडते. जो दगड दोन हजार वर्षे टिकला तो दुरुस्तीनंतर काही दशकांतच तडकू लागला! अखेर १९७५ साली तिथल्या सरकारने जाणकारांची समिती नेमली. जुने लोखंड काढून न गंजणाऱ्या टायटॅनियम धातूचे अकडे घातले, प्रत्येक सुट्या दगडाची मूळ जागा शोधली, आणि नवा संगमरवर जिथे गरज तेवढाच वापरला.

मंडळी, ही कथा सांगण्याचे कारण आपल्या देवळातच आहे. कलश चढला, नवा सभामंडप उभा राहिला. समितीने आणि गावाने घेतलेल्या कष्टांना तोड नाही. पण जुन्या मंडपाचे काम अजून व्हायचे आहे. पूर्वेकडच्या तुळईला तडा गेला आहे. तिला भोके पाडून लोखंडी सळया घालाव्यात आणि सिमेंट भरावे, असा विचार चालू आहे. गाभाऱ्यात भिंतीला टाईल्स आणि खांबांना ऑईलपेंट, हेही ठरत आले आहे. माझी हात जोडून विनंती आहे की, हे काम थोडे थांबवावे.

तुळईला तूर्त खालून भक्कम टेकू द्यावा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागातल्या जाणकारांचा सल्ला घ्यावा. आत धातू घालावाच लागला तर न गंजणारा घालावा. दर्जा भरायच्याच असतील तर चुन्याने भराव्यात. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडते. रंगाने खांबावरचे कोरीव काम बुजते, टाकीचा घाव दिसेनासा होतो. उद्या आपल्या नातवाने विचारले की, 'हे जुने देऊळ कुठे आहे?' तर आपण त्याला काय टाईल्स दाखवायच्या?

कोणी म्हणेल, हे नांदते देऊळ आहे, वस्तुसंग्रहालय नव्हे. अगदी खरे. दिवे हवेत, पाणी हवे, पावसात माणसांना आडोसा हवा. ते सारे नव्या सभामंडपात आणि आवारात खुशाल करावे. ज्या दानशूर घरांनी टाईल्ससाठी रक्कम कबूल केली आहे, त्यांनी तीच रक्कम आवाराच्या फरशीला आणि ओवरीला द्यावी. त्यांच्या नावाची पाटी ओवरीत लावावी. देवाला ते पुण्य तेवढेच पोहोचेल.

शेवटी माझ्या पेशाला शोभेल असे एक काम मी केले आहे, ते गावापुढे ठेवतो. देवळाचे घडीव दगड गावभर विखुरले आहेत. काही देवळामागे गवतात, एक विहिरीवर धुण्याला, दोन चावडीच्या पायरीला. फिरून पाहता एकूण ४१ दगड सापडले. प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची, कुठे पडला आहे, खाच कोणत्या बाजूला आहे, हे सारे एका वहीत अनुक्रमांकाने लिहिले आहे. तुळईचा एक तुटका तुकडाही त्यांत आहे. वही आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. तरुण मंडळींनी एक रविवार द्यावा. ट्रॅक्टर जोडून हे दगड आवारात आणावेत आणि वहीतल्या क्रमाने मांडावेत. कोणता दगड कुठला, हे पुढे जाणता पाथरवट सांगेल. पण दगडच हरवला तर तो बिचारा काय सांगणार?

 हर हर महादेव.